मामांची जीप आणि माझी नऊ फुटी अँटिना

आमच्या मुरुममध्ये वायरलेस संचाबद्दल माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. हल्ली मला कुणी विचारत नाही, ते सोडा! मध्यंतरी मी न विचारताच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आमच्या आडतीवर तूर घेऊन आलेल्या माणसाला आधी अँटिनेची लांबी ऐकावी लागायची, मग वजनकाटा. बरेच जण आता समोरच्या आडतीवर जातात, ते उगीच नाही.

हे सगळं झालं मामांच्या जीपमुळं. मामा म्हणजे माझे सासरे, शरणबसप्पा. त्यांची जीप जुनी, कापडी हुडाची, चारही चाकांना जोर असलेली. नांगरलेल्या रानातून, ओढ्यातून, जिथं बैलसुद्धा थांबून विचार करतो तिथून ती आरामात जाते! डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मामांनी गाडी चालवणं सोडलं आणि जाहीर केलं, "जीप इकायची न्हाय. दोन जावयांपैकी एकाला द्यायची. जो नीट सांभाळंल त्याला. आन् ध्यानात ठेवा, आजवर तिच्या पत्र्याला एक भोक पडलं न्हाय. पडू देणार बी न्हाय!"

दोन जावयांपैकी थोरला मी, गौरीशंकर. धाकटा म्हणजे माझा साडू शिवानंद, कळंबचा. त्याच्याकडं आधीच एक नवी चकचकीत गाडी आहे, तरी त्याला जीप हवी! कशाला? तर वरातीत नवरदेव मिरवायला भाड्यानं द्यायची म्हणे! माझा जीव नुसता जळत होता. आमची चार मित्रांची टोळी दर रविवारी नदीकाठच्या घळींत जीप घालते. तिघांकडं जीप आहेत, चौथा मी आहे. मी मागं बसतो आणि चाक चिखलात रुतलं की ढकलायला उतरतो. इतका चिखल अंगावर घेतल्यावर स्वतःची जीप असावी असं माणसाला वाटणार नाही का?

मामा म्हणाले, मार्गशीर्षातल्या रविवारी सगळे मिळून अणदूरला खंडोबाला जाऊ, तिथं देवाच्या दारात निकाल सांगतो. शिवानंदनं लगेच वचन दिलं, "मामा, मी जीपला एसी बसवतो!" कापडी हुडाच्या जीपला एसी! मी मनातल्या मनात पोट धरून हसलो आणि म्हणालो, "मी रेडिओ बसवतो."

मला मामांची दुखरी नस ठाऊक होती. एकदा त्यांची जीप घळीत रुतली होती आणि मोबाईलला रेंज नव्हती. गुराख्यानं पाहिलं म्हणून सुटले, नाहीतर तिथंच मुक्काम पडला असता. तेव्हापासून मोबाईल म्हटलं की ते तोंड फिरवतात. सीबी रेडिओ, म्हणजे गाडीतला वायरलेस संच. त्याला मात्र मोबाईलच्या टॉवरची गरज नाही आणि नंबरही लावायचा नसतो. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. दुसऱ्या गाडीत तसाच संच असला की काम झालं. मी सोलापुरातून दोन संच आणले. एक जीपला, एक शिवानंदच्या गाडीला. शत्रूच्याच गाडीत बसून मामांनी माझा आवाज ऐकायचा, असा माझा बेत होता!

संच निवडणं सोपं होतं. खरी परीक्षा अँटिनेची. दुकानदारानं तीन पुढं ठेवल्या. एक बोटभर रबरी. "ही शेजारच्या गल्लीपर्यंत," तो म्हणाला. दुसरी हातभर, बुडाला लोहचुंबक. टपावर ठेवली की चिकटते, भोक पाडायला नको! मी ती उचललीच. घरी येऊन ऐटीत जीपच्या टपावर ठेवली.

"अहो, टप कापडाचा आहे," बायको म्हणाली. बायकोचं नाव राजेश्वरी.

"माहितीये मला!" मी म्हणालो. तेवढ्यात अँटिना घरंगळली ती थेट शेजारून चाललेल्या दूधवाल्याच्या मोटरसायकलच्या टाकीला चिकटली आणि उमरग्याला गेली!

मग राहिली तिसरी. नऊ फुटी पोलादी काडी, बुडाला स्प्रिंग, मागच्या बंपरला क्लॅम्पनं आवळायची. भोक नाही! अँटिना जितकी लांब तितका आवाज लांब जातो, असं दुकानदार म्हणाला आणि मी ते अक्षरशः मनावर घेतलं. बसवल्यावर जीपच्या शेजारी आमचं घर बुटकं दिसायला लागलं.

राजेश्वरी म्हणाली, "कुणाच्या डोळ्यात गेली म्हणजे? टोकाला फडकं बांधा काहीतरी."

"बांध की!"

तिनं जुन्या पिवळ्या साडीचा तुकडा बांधला. वाऱ्यावर फडफडायला लागला. छान दिसत होतं. लांबून दिसेल आणि कुणाला लागणार नाही. यात काही चुकलंय का, तुम्हीच सांगा!

रविवार उजाडला. मी आणि राजेश्वरी जीपमधून पुढं. मागून शिवानंदच्या गाडीत मामा, मेहुणी उमादेवी आणि दुसरा संच. मामांना शिकवलं होतं तसं ते बटण दाबून बोलत होते. बोलत कसले, ओरडत होते! "जावईबापू! ऐकू येतंय का?"

"मामा, हळू बोला, स्पष्ट येतंय!"

"मलाबी स्पष्ट येतंय! आयला, तुम्ही तर मोठ्ठं काम केलं की!"

राजेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या नजरेत थोडं कौतुक दिसलं. जीप आपलीच! मी शीळ घालायला लागलो. ठरलं असं की मी पुढं जाऊन अणदुरात गाडी लावायची आणि तिथून मामांना सांगायचं, गर्दी किती, जागा कुठं. शेवटची परीक्षा तीच.

अणदूरच्या वेशीपाशी यात्रेची गर्दी होती. मी गाडीचा वेग कमी केला, तोच एका म्हातारीनं हात वर केला आणि असा काही आवाज टाकला की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"काठी आली! मुरुमची काठी आली!"

खंडोबाच्या यात्रेला गावोगावच्या काठ्या येतात हे तुम्हाला ठाऊक असेल. उंच काठी, टोकाला पिवळं निशाण. आपल्या गावची काठी देवाला भेटवायची, हा मान. म्हातारीनं जीपच्या नंबरपाटीखाली रंगवलेलं 'मुरुम' वाचून घेतलं होतं, आणि वर पिवळं फडकं तर फडफडतच होतं!

"आजी, ही काठी नाही, रेडिओची अँटिना आहे," मी घाईघाईनं म्हणालो.

म्हातारीचं नाव सारजाबाई. तिनं कळशीतलं पाणी जीपच्या चाकावर ओतत मला समजावलं, "असू दे की लेकरा. देव काय रेडिओ ऐकत न्हाय व्हय?"

मी पुन्हा बोलायला गेलो तर हलगी वाजायला लागली. भंडाऱ्याची पहिली मूठ काचेवर पडली, दुसरी माझ्या उघड्या तोंडात. "येळकोट येळकोट!" बायका ओवाळायला आल्या. कुणी खण बांधला, कुणी हार घातला. एका गृहस्थानं नवसाचा नारळ फडक्यात गुंडाळून अँटिनेला लटकवला. ते पाहून आणखी तिघांना आपले नवस आठवले! स्प्रिंगवरची काडी नारळांच्या भारानं डुलायला लागली, तर लोक म्हणाले, "बघा, काठी खेळतीय!" आणि हलगीवाल्यानं ताल वाढवला.

"राजू, यांना सांग काहीतरी!" मी म्हणालो. राजेश्वरी खाली उतरून डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी होती. घरचं माणूसही त्यांच्यात गेलं!

तेवढ्यात संचातून मामांचा आवाज. "जावईबापू, पोचलात का? गर्दी हाय का?"

मी बटण दाबलं. "पोचलो मामा! गर्दी आहे, पण..."

"जावईबापू? ऐकू येतंय का?"

"येतंय मामा! मला येतंय!"

"जावईबापू!"

मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं आणि माझं काहीही जात नव्हतं. संचावरची सुई लाल पट्टीत जाऊन पडली होती. अँटिनेला चार नारळ, दोन हार आणि अर्धा डझन खण बांधल्यावर दुसरं काय होणार! मी ओरडत राहिलो. मग मामांचा अंगठा बटणावरच राहिला असावा, कारण शिवानंदचा गोड आवाज आला, "बघा मामा, ऐन वेळेला बंद पडला! एसीचं तसं नसतं."

अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! थोडं भंडाऱ्यानं, बाकीचं खरंखुरं. जीप गेली. आता जन्मभर मी घळीत उतरून दुसऱ्यांच्या गाड्या ढकलणार.

"जीप रुतली आसंल! शिवानंद, दामटा गाडी!" मामांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं आणि थोड्याच वेळात ती चकचकीत गाडी धुरळा उडवत वेशीत येऊन थांबली. मामा उतरले. समोर त्यांची लाडकी जीप, बॉनेटपासून हुडापर्यंत पिवळीधमक. आत स्टिअरिंगला धरून बसलेला जावई, तोही पिवळा.

मी उतरलो. म्हटलं, आता खरं सांगूनच टाकू. "मामा, माफ करा. ही साधी अँटिना आहे. या लोकांना वाटलं..."

मामांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी आधी पायताण काढलं. हळूहळू चालत आले, अँटिनेच्या बुडाशी कपाळ टेकवलं, आणि उठले तेव्हा त्यांचा ऑपरेशन झालेला डोळा आणि न झालेला डोळा, दोन्ही वाहत होते.

"आमच्या आज्याच्या हातात हुती मुरुमच्या काठीची जबाबदारी," ते म्हणाले. "तो गेला आन् कुणी उचलली न्हाय. आज तुम्ही आणली."

"पण मामा, मी..."

"मला दिसंना झालंय का? तार हाय ती. पर देवाच्या दारात आली, लोकांनी पाय धुतले, मग आता ती काठीच."

सारजाबाई म्हणाली, "मी मघापास्नं ह्येच सांगतीय!"

त्या क्षणाला मला खरंच भरून आलं. मामांचा हात माझ्या खांद्यावर होता. शिवानंद मागं उभा राहून बोटानं आपल्या गाडीवरचा भंडारा पुसत होता. मामांनी अँटिना हलवून पाहिली. क्लॅम्प कुरकुरला.

"ह्यो काय आधार हाय व्हय? काठी पडली म्हंजी? वेल्डरकडं चला. पत्र्याला आरपार भोक पाडून बोल्ट मारा!"

मी आणि शिवानंद एकदमच दचकलो. मग देवळासमोर, हलगी थांबवून, मामांनी निकाल सांगितला. जीप थोरल्या जावयाची! मी तिथल्या तिथं उडीच मारली. शिवानंदनं हात पुढं केला, "अभिनंदन, साडूभाऊ." त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! मी मनात रविवारची घळ, ओढा, चिखल, सगळं पार करून पलीकडं पोचलो होतो.

"आता काठीचे नेम ऐका," मामा म्हणाले. "दरसाली काठी तुम्हीच आणायची. गाडीत चप्पल घालायची न्हाय. आन् काठीला हादरा बसू द्यायचा न्हाय. तवा डांबरी रस्ता सोडून जीप कुठंबी घालायची न्हाय. रानात न्हाय, ओढ्यात तर न्हायच न्हाय!"

"मामा, पण ही जीप रानासाठीच तर..."

"व्हय म्हणा. देवाच्या दारात उभे हाव."

मी व्हय म्हणालो. आता दर रविवारी मी अनवाणी जीप चालवत घळीपर्यंत जातो आणि वर डांबरी सडकेवर उभी करतो. मित्रांनी हौसेनं आपल्याही गाड्यांना संच बसवून घेतलेत. खालून आवाज येतो, "गौरीशंकर, ये की खाली! जीप रुतलीय!" अँटिना अप्रतिम आहे, प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. मी बटण दाबून सांगतो, "थांबा, आलो." मग सडकेच्या कडेला चप्पल घालतो आणि ढकलायला चालत खाली उतरतो.