हौसरावांचा शब्द आणि माफ झालेली परीक्षा

गोष्ट दोन हजार अठरा सालची. त्या वर्षी केंदूरला कांदा बरा झाला होता, डाळिंबाला भाव नव्हता, आणि हौसरावांची नात अनुपमा शिरूरच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.कॉम. झाली होती. तिला सीए व्हायचं होतं. घरात तिचे आईबाप होते, पण बाप रांजणगावला कंपनीत पाळीवर आणि आई शेतात, त्यामुळे पोरीच्या पुढच्या शिक्षणाचा विचार आपोआपच आजोबांच्या वाट्याला आला. आणि हौसराव विचार करायला बसले की त्यांना एकच उपाय सुचत असे. कुणाकडे तरी जाऊन शब्द टाकायचा.

शब्द टाकणं म्हणजे लाच नव्हे. जुन्या माणसांना हा फरक सांगावा लागत नाही. शब्द टाकायला पैसा लागत नाही. लागतो तो धुतलेला पांढरा सदरा, मध्ये ओळखीचा एक माणूस, आणि शेतात जे पिकलं असेल त्यातलं थोडं काहीतरी. हौसराव सोसायटीचे चेअरमन होते तेव्हापासून गावासाठी शब्द टाकत आले होते. कुणाची विजेची जोडणी, कुणाची बदली, कुणाच्या लेकीची नर्सिंगची जागा. कामं होत. लोक म्हणत, आबांचा शब्द खाली पडत नाही.

एका सोमवारी ते मोटरसायकलवर मित्र गेणबाच्या मागे बसले आणि दौंडला निघाले. दोघांच्या मधे डाळिंबांचा क्रेट होता. दौंडला स्टेशनाजवळ विश्वजीत नावाच्या सीएचं ऑफिस होतं, आणि गेणबाच्या व्याह्यांची त्यांच्याशी ओळख होती.

"साहेब," हौसराव खुर्चीच्या कडेला बसत म्हणाले, "नात हाय माझी. सीएच्या परीक्षेला बसायची म्हणती. जरा ध्यान असू द्या."

विश्वजीत चाळिशीतले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"बी.कॉम."

"पंचावन्न टक्क्यांच्या वर?"

"वर म्हंजी, लईच वर."

"मग पहिली परीक्षा नाहीच त्यांना. फाउंडेशन माफ असतं. थेट दुसऱ्या पायरीला नाव नोंदवायचं आणि एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षं काम शिकायचं. माझ्याकडे जागा आहे. पाठवा त्यांना, बघू."

हौसराव आणि गेणबा एकमेकांकडे बघतच राहिले. इतका चालणारा शब्द हौसरावांनी आयुष्यात टाकला नव्हता. बसल्या जागी अख्खी परीक्षा माफ!

"तेवढी डाळिंबं..." हौसराव उठता उठता म्हणाले.

"छे छे. मी काही केलेलं नाही, आबा. नियमच तसा आहे. ती घेऊन जा."

जिन्यात गेणबा हळूच म्हणाला, "घेत न्हाई. म्हंजी काम पक्कं!" हौसरावांनी मान डोलावली, आणि क्रेट जिन्याखाली ठेवून दोघं निघून आले.

घरी आल्यावर हौसरावांनी पाणीसुद्धा न पिता सांगितलं, "पहिली परीक्षा माफ करून आणली."

अनुपमा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आबा, ती मला नव्हतीच! बी.कॉम. झालेल्याला नसती ती. बारावीनंतर जातात त्यांना असती."

"व्हय व्हय. भाईर असंच सांगायचं."

"भाईर नाही, खरंच! आजी, तू तरी सांग. दहावी झालेल्याला कोण चौथीच्या परीक्षेला बसवतं का?"

विठाबाई चुलीपुढून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी पोरगी तीन वर्सं अभ्यास करून आपल्या पायानं जिना चढली, आन् तुम्ही म्हणता मी उचलून ठिवली."

"तुला न्हाई कळायचं," हौसराव म्हणाले. त्यांनाही कळलं नव्हतं, पण घरचा कारभार अशा वाक्यावरच चालत आला होता.

पुढच्या महिन्यात अनुपमा विश्वजीतांच्या ऑफिसात रुजू झाली आणि दौंडला एका ओळखीच्या घरी राहू लागली. इकडे गेणबानं दूध घालायला गेल्यावर सगळा वृत्तांत डेअरीवर सांगितला. सांगताना त्यानं क्रेटचे दोन क्रेट केले आणि विश्वजीतांना खुर्चीवरून उठून उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून हौसरावांच्या ओट्यावर माणसं यायला लागली. पहिली आली सविता, पाबळची भाची.

"मामा, माझ्या दिराचा मुलगा बारावीला इंग्लिशमधे गेलाय. तेवढा एकच विषय माफ करा. बाकीचे तो देईल."

मग कारेगावहून एक बिहारी कामगार आला. गाडीच्या लायसनची टेस्ट माफ व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "बाबूजी, आठ का आकार नहीं बनता हमसे."

"बघू," हौसराव सगळ्यांना म्हणाले. आता 'बघू' म्हणजे नाही, असं पुण्यात असेल. केंदूरला 'बघू' म्हणजे झालंच.

इथवर सगळं ओट्यावरच होतं. पण गावातल्या पोरांनी पाबळच्या चौकात फ्लेक्स लावला. मधे फेटा बांधलेले हौसराव, कोपऱ्यात पासपोर्टाएवढी अनुपमा, आणि वर ठळक अक्षरांत: 'परीक्षा न देता सीए! केंदूरची कन्या अनुपमा हिचे हार्दिक अभिनंदन. विशेष आभार: मा. विश्वजीत साहेब, दौंड.' खाली रविवारच्या सत्काराची वेळ. फ्लेक्सचा फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत फिरत दौंडला पोचला.

त्या दिवशी संध्याकाळीच अनुपमा बॅग घेऊन घरी आली. तिचे डोळे सुजले होते.

"सरांना सकाळपासून फोन येतायत, आबा. एक जण तर ऑफिसातच आला, म्हणाला आमच्या मुलाची फायनल माफ करायचं काय घेता? सर मला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, वीस वर्षांत कमावलेलं नाव आहे, ते डाळिंबाच्या क्रेटात गेलं. आबांनी चारचौघांत खरं सांगितलं तर ये. नाहीतर दुसरीकडं बघ."

"दुसरीकडं बघू की मग."

"कोण घेईल मला? फ्लेक्स सगळ्यांनी पाहिलाय."

पोरगी रडत नव्हती, हे हौसरावांना जास्त लागलं. ती लहानपणी पडली की आधी त्यांच्याकडे बघायची, आणि ते हसले तर उठायची. आज ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

रविवारी सकाळी फेटेवाला यायच्या आधी ते विठाबाईंजवळ जाऊन बसले. बराच वेळ त्या लसूण सोलत होत्या आणि हे टरफलं गोळा करत होते.

"मला एक सांग," हौसराव शेवटी म्हणाले. "ही परीक्षा जर नियमानंच माफ हुती, तर तिच्या बापाची ती कंपनीतली जागा? सविताच्या घराची लाईट? ती बी आपसूकच झाली असती का?"

"झाली असतील बी."

"मग मी जल्मभर केलं तरी काय?"

विठाबाईंनी पाकळी ताटलीत टाकली. "संगं गेलात. साहेबापुढं एकटं जायला माणूस भितं. तुम्ही पांढरा सदरा घालून संगं गेलात. ते काय कमी हाय?"

फेटा बांधून घेताना हौसरावांनी मान खाली घातली नाही.

सत्काराला गाव लोटलं होतं. नारळ, शाल, सगळं झालं. हौसराव माइकपुढं उभे राहिले. भाषणाची त्यांना सवय होती, खरं बोलायची थोडी कमी.

"मंडळी," ते म्हणाले, "मी काय बी केल्यालं न्हाई. पोरगी बी.कॉम. झाली, तिला मार्क हायेत, म्हणून पहिली परीक्षा सरकारी नियमानंच न्हाई. विश्वजीत साहेबांनी कुणाचं काय माफ केल्यालं न्हाई, डाळिंबं बी घेतली न्हाईत. ती मीच जिन्याखाली ठिवून आलो. ती माझी चूक. आन् पोरगी अजून सीए झाल्याली न्हाई. दोन मोठ्या परीक्षा बाकी हायेत. फलेक्स खोटा हाय, तो काढा."

टाळ्या सुरू झाल्या. पारावर बसलेले म्हातारे उठून उभे राहिले. गेणबाच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

"बघा," तो शेजारच्याला म्हणाला, "एवढं काम करून मी काय केलं न्हाई म्हणतो. ह्याला म्हणायचं मोठेपणा!"

"साहेबाच्या नावाला बी धक्का लागू दिला न्हाई," शेजारचा म्हणाला. "शब्द पाळणारा माणूस."

भाषण गेणबानं मोबाइलवर घेतलं होतं, ते विश्वजीतांपर्यंत गेलं. त्यांनी ते शेवटच्या टाळ्यांपर्यंत पाहिलं आणि अनुपमाला फोन केला. "उद्यापासून ये. आबांनी त्यांचं काम केलं. गावावर औषध माझ्याकडे नाही. आता तुझा निकालच काय ते बोलेल."

पुढच्या साली अनुपमा दुसऱ्या पायरीच्या परीक्षेला बसली. दिवसभर ऑफिस आणि पहाटे अभ्यास करून डोळ्यांखाली काळं झालं होतं. निकाल लागला तेव्हा ती घरी होती. ती मोबाइल घेऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, "नापास झाले, आबा."

हौसरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण हात डोक्यावर असतानाच त्यांच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो आवरेना. ते उठले, चपला घातल्या, पाबळला जाऊन पेढे घेऊन आले.

"घ्या, पेढे घ्या!" ते डेअरीपाशी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होते. "नात नापास झाली!"

"आबा, बरं न्हाई का?" कुणीतरी विचारलं.

"बरं हाय. आता तरी पटलं का? माझा शब्द तिथं चालत न्हाई. चालत असता तर पोरगी गेली असती का?"

लोक विचारात पडले. यात तथ्य होतं. साहेबाच्याच ऑफिसातली मुलगी साहेबाच्याच परीक्षेत नापास होते, म्हणजे तिथं खरंच कुणाचं चालत नसावं. हळूहळू माना हलायला लागल्या. कित्येक महिन्यांनी हौसरावांचा जीव हलका झाला. अनुपमा मागून आली होती. आपल्या नापासाचे पेढे वाटणारे आजोबा पाहून आधी तिचा संताप झाला, मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडली.

"जाऊ दे पोरी," गेणबा म्हणाला. "सगळ्यात गेलीस काय?"

"नाही, गेणबातात्या. एकूण कमी पडले म्हणून गेले. एका पेपरात साठाच्या वर आहेत."

"मग त्यो परत द्यायचा?"

"तो नाही. साठाच्या वर पडले की पुढच्या वेळी तो माफ असतो."

पेढा धरलेला गेणबाचा हात तोंडापाशी थांबला. त्यानं अनुपमाकडे बघितलं, मग हौसरावांकडे.

"माफ?"

"माफ," अनुपमा म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं. पण तोवर उशीर झाला होता.

गेणबानं आवाज खाली आणला. "म्हंजी एका पेपरापुरतं झालं. आबा, मी तवाच म्हणलो हुतो. एक क्रेट कमी पडणार!"

हौसराव दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसले आणि उरलेला पेढा त्यांनी स्वतःच खाल्ला.

पुढे अनुपमा ती परीक्षा पास झाली. करोनाची वर्षं आली, परीक्षा पुढं ढकलल्या, तरी ती चिकटून राहिली आणि खरोखरची सीए झाली. आता शिरूरला तिचं ऑफिस आहे आणि दारावर पाटी आहे: 'कृपया फळे आणू नयेत.' सविताच्या दिराचा मुलगा इंग्लिशमध्ये आपल्या बळावर सुटला. कारेगावचा कामगार आठचा आकडा शिकून आता कंपनीची गाडी चालवतो. दोघंही दिवाळीला हौसरावांच्या पाया पडून जातात. गेणबा मागच्या वर्षी वारला. शेवटपर्यंत तो दोन क्रेटच सांगत होता. विठाबाईंना आता कमी ऐकू येतं, आणि हौसरावांच्या मते ते सोयीनं.

हौसरावांनी शब्द टाकणं सोडलं. पण परवाच्या उन्हाळ्यात त्यांच्या दारात दौंडहून रिक्षा थांबली. विश्वजीतांची आई पुतळाबाई उतरल्या. त्यांचा नातू, म्हणजे विश्वजीतांचाच मुलगा, बी.कॉम. झाला होता, पण पंचावन्नला थोडक्यात चुकला होता.

"विश्वजीत म्हणतो, पहिल्या परीक्षेला बसायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "तो बापच ऐकत नाही. आबा, तुमचा शब्द आहे म्हणतात."

हौसरावांनी त्यांना चहा दिला, आणि चहा होईतो ते विठाबाईंकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, शब्द न्हाई माझ्याकडं. पोरगं भीत असंल तर परीक्षेला संगं येतो."

आणि खरंच गेले. पांढरा सदरा घालून, काठी टेकत, केंद्राबाहेरच्या लिंबाखाली पेपर सुटेपर्यंत बसून राहिले. निकाल लागला, पोरगं पास झालं. त्या आठवड्यात पुतळाबाईंनी पेरूंचा क्रेट पाठवला. हौसरावांनी तो आल्या रिक्षानं तसाच परत पाठवला, वर निरोप दिला की मी काही केलेलं नाही.

क्रेट उतरवून घेताना पुतळाबाई शेजारणीला म्हणाल्या, "घेत नाहीत. म्हणजे कामही त्यांनीच केलं!"