गळ्यातला प्रोजेक्ट

कॉलेजात सिगारेट आणि वेपवर, म्हणजे चार्ज करून ओढायच्या ई-सिगारेटवर, बंदी आली, तेव्हा आता पोरं सुधारतील अशी प्राचार्यांची भाबडी समजूत होती. पोरांनी नुसत्या जागा बदलल्या. कुणी वेप मोज्यात ठेवू लागलं, कुणी छत्रीच्या घडीत. शेवटच्या वर्षातल्या एकाने तर कमालच केली. त्याला मित्र 'इंजिन' म्हणत, कारण सांगायला नको. त्याने अगदी पेनड्राइव्हसारखा दिसणारा वेप शोधून काढला, पेनड्राइव्हची दोरी सोडून त्याला बांधली आणि राजरोस गळ्यात घालून फिरू लागला. एवढं डोकं या गाढवाने अभ्यासात घातलं असतं तर!

त्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायची शेवटची तारीख होती. चुकली की वर्ष वाया. गेटवर वॉचमनकाकांनी अडवलं.

"गळ्यात काय आहे?"

"पेनड्राइव्ह, काका. प्रोजेक्ट आहे त्यात."

"बरं. खिसे दाखव." खिशातून खरा पेनड्राइव्ह निघाला. "आणि हे?"

"तोही पेनड्राइव्हच."

"गळ्यात एक, खिशात एक? मला शेंडी लावतोस?"

खरं सांगितलं असतं तर वेप गेला असता, एवढंच. पण जीव अडकला होता ना त्यात! काकांनी खिशातला पेनड्राइव्ह वेप समजून डब्यात टाकला. जप्त माल मधल्या सुट्टीत हातोडीने फोडायचा, असा प्राचार्यांचा हुकूम होता. तोवर काकांना पटवू, असं म्हणत इंजिन आधी मुदत मागायला गेलं.

विभागप्रमुख मॅडमच्या दारात रांग होती; नंबर लागेस्तोवर दुपार झाली. मॅडमचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं.

"मुदत कसली मागतोस? पेनड्राइव्ह गळ्यात तर लटकतोय." त्यांनी दोरी काढून घेतली आणि तो कॉम्प्युटरला लावला. निळा दिवा लागला. स्क्रीनवर काही येईना. वेप आपला मजेत चार्ज होत राहिला.

"उघडत का नाही रे?"

"व्हायरस असेल, मॅडम."

मॅडमनी तो काढून नाकाजवळ नेला. "व्हायरसला स्ट्रॉबेरीचा वास येतो?"

मग सगळंच बाहेर पडलं. मॅडम त्याला घेऊन तरातरा गेटवर गेल्या. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि काका हातोडी पुसत होते.

"फोडला, मॅडम. आत हिरवी पट्टी निघाली. हल्ली वेपमध्येही काय काय घालतात."

इंजिन वाकून हिरव्या पट्टीचे तुकडे गोळा करू लागलं.

"दुसरी कॉपी?" मॅडमनी विचारलं.

"आज करणारच होतो."

मॅडमनी हातातल्या वेपकडे पाहिलं, दोरी नीट गुंडाळली आणि तो पर्समध्ये टाकला.

"मग हाच जमा करून घेते. वर्षभर मनापासून काम केलंस ते यावरच. पुढच्या वर्षी विषय तेवढा दुसरा घे."