बबनरावांचा डावा हात

त्या आठवड्यातला तिसरा केसही दीपमालालाच सापडला, आणि तोही नेमका वडिलांनी रंगवलेल्या बॉनेटवर.

चाकणच्या त्या कारखान्यात गाडी रंगवून वाळली की दिव्यांच्या बोगद्यात येते. दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट, मधे गाडी आणि गाडीवर वाकलेली दीपमाला. धुळीचा कण असो की ओघळलेला थेंब, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. आज पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर, वरच्या चकचकीत थराखाली, बोटाच्या पेराएवढा काळा केस निवांत पहुडला होता. तिनं त्याच्याभोवती गोल काढला आणि तक्त्यात नोंद केली : केस, एक. बूथ नंबर चार. बूथ नंबर चार म्हणजे बबनराव. रोबोटचा हात पोचत नाही तिथं रंगाची बंदूक घेऊन उभे राहणारे सहा पेंटर होते. त्यांत बबनराव सगळ्यांत जुने, युनियनचे पुढारी आणि दीपमालाचे जन्मदाते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला कँटीनच्या दारातच गाठलं.

"घरच्या मानसाचं नाव लिवायचं असतंय व्हय गं?"

"नाव नाही लिहिलं अण्णा. बूथचा नंबर लिहिला."

"म्हंजी पत्ता दिलास, नाव तेवढं राहिलं!"

तासाभरात क्वालिटीचे साहेब सहाही पेंटरांना घेऊन मीटिंगला बसले. काही बिघडलं की 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, म्हणजे मूळ कारण हाती लागतं, अशी तिथली पद्धत आहे. केस का पडला? हातावरून गळला. हात उघडा का होता? बाही वर सरकली. का सरकली? हात लांब आहे. लांब का आहे? यावर रोहिदास नावाचा पेंटर म्हणाला, "आईबापांना विचारावं लागंल साहेब." पाचवा 'का' साहेबांनी गिळला आणि उपाय जाहीर केला. सहाही पेंटरांनी मनगटापासून कोपरापर्यंत केस काढायचे. वस्तरा चालणार नाही, त्यानं खुंट राहतात आणि तुटून गळतात. केस मुळापासून उपटले गेले पाहिजेत.

"म्हंजी वॅक्स?" रोहिदासनं दोन्ही हात पाठीमागं नेत विचारलं.

"म्हणजे वॅक्स," साहेब म्हणाले.

मग काय विचारता! शिफ्ट सुटताना गेटवर अख्खा पेंट शॉप जमला. बबनराव स्टुलावर चढले.

"भावांनो, आमी काय मेंढरं हाय, सालाबादपरमानं कातरायला? कंपनीनं घाम मागितला, दिला. ओव्हरटाइम मागितला, दिला. आता अंगावरचा केस मागतीया! अंग आमचं, केस आमचा! त्यो ठेवायचा का काढायचा, ते आमी ठरवनार. दुसऱ्या कुनाच्या बापाला त्यो हक्क न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या दीपमालाच्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं, कारण हेच भांडण ती घरी आठ दिवस एकटी लढत होती.

झालं होतं असं, की रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा हिंजवडीत आयटीत, राहायला मारुंजीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये. स्थळ कळल्यापासून आईनं, कौशल्याबाईंनी, एकच धोशा लावला होता : हातांचं काहीतरी कर. दीपमालानं चुलत बहिणीच्या लग्नात एकदा वॅक्स केलं होतं आणि पुढं पंधरा दिवस हातावर पुरळ मिरवलं होतं. पण पुरळ हे खरं कारण नव्हतंच. केस तिचे होते, हात तिचे होते आणि दोघांचं आपसात उत्तम चाललं होतं. तिसऱ्यानं मधे पडायचं काय कारण, हे तिला कळत नव्हतं.

आता अण्णाच आपल्या बाजूचे म्हटल्यावर ती कंपनीच्या बसमधून चऱ्होलीला उतरली ती जवळजवळ नाचतच. घरात शिरल्या शिरल्या तिनं विषय काढला. बबनरावांनी चहाची बशी तोंडाला लावली, फुर्र केलं आणि म्हणाले, "करून टाक की. दोन तासांचं तर काम."

"अण्णा, आत्ता गेटवर काय बोललात?"

"ती कामगारांची गोष्ट हाय."

"मग मी कोण, मालक?"

"तू पोरगी हायस."

"तुमचं अंग ते अंग, आणि माझं काय पत्रा आहे?"

कौशल्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आवाज खाली कर. लोक म्हनतील, पोरीच्या घरात आरसा न्हाई का. मी पार्लरवाल्या गुलशनला सांगितलंया, शनिवारी घरीच येतीया ती."

दीपमालाची तळपायाची आग मस्तकात गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाप्याच्या हातावर केस असले की तो रांगडा गडी, आणि तेच केस मुलीच्या हातावर असले की मुलगी गबाळी. सहा पुरुषांकडं कुणी वीतभर जागेचे केस मागितले तर गेटवर स्टूल येतं, घोषणा होतात, कंपनीच्या बस अर्धा तास थांबतात. आणि त्याच कारखान्यातल्या साठ-सत्तर बायका दर महिन्याला आपली सुट्टी घालवून, चटके सोसून तेच करत होत्या, तर त्यांच्यासाठी कुणी नोटीस बोर्डावर खडूची एक रेघ मारली नव्हती. रागारागात ती दोन पोळ्या जास्त जेवली.

"मी करणार नाही," हात धुताना तिनं जाहीर केलं. "पाहुण्यांना हात पसंत नसतील तर त्यांनी पाय बघावेत आणि आल्या पायी परत जावं."

शुक्रवारी साहेबांनी डाव टाकला. माणूस बेरकी. मोर्चा अंगावर घेण्यापेक्षा पुढाऱ्याला एकटं गाठावं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बबनराव, बॉनेटवरचा केस तुमचा नाही म्हणता ना?"

"न्हाई म्हंजी न्हाई!"

"मग सिद्धच करू. ट्रायल घेऊ. दोन्ही हात नकोत, फक्त डावा, गाडीवर झुकतो तेवढा. सोमवारी तरीही केस निघाला तर तुम्ही खरे. सगळ्यांची ऑर्डर मागं घेतो."

पाच पेंटर बघत होते. माघार घेतली तर केस आपलाच ठरणार, हे बबनरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी छाती पुढं काढली. "घ्या ट्रायल! त्यात काय, डाव्या हाताचा मळ!"

रोहिदासनं हळूच कपाळाला हात लावला.

शनिवारी दुपारी गुलशन आपली पेटी घेऊन आली. तिनं वॅक्स गरम करत ठेवलं, कापडाच्या पट्ट्या मांडल्या आणि म्हणाली, "चल दीपा, बस."

"मी नाही बसत. अण्णा बसतायत."

गुलशनला वाटलं चेष्टा आहे. मग बबनराव बनियनवर, डावा हात पुढं करून, फाशीच्या दोरापुढं उभं राहावं तसे समोर आले. तिनं तोंडात पदर कोंबला आणि कामाला लागली.

"बबनभाऊ, हलू नका. श्वास घ्या. आता सोडा…"

पट्टी निघाली आणि बबनरावांच्या तोंडून जी आरोळी निघाली, तिनं समोरच्या नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी वरून ओरडून विचारलं, "काका, विंचू चावला का?"

"झालं का?" बबनरावांनी डोळे पुसत विचारलं.

"ही पहिली होती भाऊ. अजून बारा आहेत."

"बारा! आन बाया हे पैसं देऊन करून घेत्यात?"

"दर महिन्याला."

बबनरावांनी हात पुन्हा पुढं केला. पाचव्या पट्टीला त्यांनी देवाचं नाव घेतलं. नवव्या पट्टीला साहेबांच्या घराण्याचा उद्धार केला. तेराव्या पट्टीनंतर हात शेजाऱ्याचा असल्यासारखा ते त्याच्याकडं बघत बसले. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, तुळतुळीत.

"एवढं वरडायला काय झालं?" कौशल्याबाई सहज म्हणाल्या. "सत्तावीस वर्सं मी हनुवटीचं केस काढतीया. तुमी कधी आईकलं मला वरडताना?"

"तू? कधी?"

"तुमी शिफ्टला गेल्यावर. लग्नानंतर आठ दिसांनी तुमच्या आईनं दोरा हातात दिला, तवापासनं."

बबनरावांनी बायकोच्या हनुवटीकडं पाहिलं. मग ते हातावर फुंकर घालत राहिले.

"दीपे, आता तू बस," कौशल्याबाई म्हणाल्या आणि आधारासाठी त्यांनी सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. बबनरावांनी मान भिंतीकडं वळवली. गुलशननं मुलीचं तोंड पाहिलं आणि पेटी बंद केली. "राहू द्या भाभी. नको म्हणतेय तर नको. जबरदस्तीचं काम मी घेत नाही. केस परत येतात, गिऱ्हाईक येत नाही."

रविवारी पाहुणे दीड तास उशिरा आले. हिंजवडीच्या चौकातच अडकलो, असं त्यांनी तिथल्या रिवाजाप्रमाणं सांगितलं. मुलगा सुजित, त्याचे मितभाषी वडील आणि अजिबात मितभाषी नसलेली आई जयमालाबाई. मे महिन्याच्या उकाड्यात बबनराव पूर्ण बाहीचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून बसले होते. दीपमाला मात्र मुद्दाम अर्ध्या बाहीचा ड्रेस घालून पोहे घेऊन आली.

जयमालाबाईंनी बांगड्या बघायच्या निमित्तानं तिचा हात हातात घेतला, उलटसुलट केला. "पार्लरला जायला सुट्टी मिळाली नाही वाटतं?"

"मिळाली होती. मी गेले नाही."

"का गं?"

"मला नको होतं म्हणून."

सुजित "मम्मी" एवढंच म्हणाला आणि मोबाइलमध्ये शिरला. त्याच्या स्वतःच्या मनगटावर एवढं जंगल होतं की त्यात घड्याळाचा पट्टा हरवला होता. ते दीपमालाला दिसत होतं, पण जयमालाबाईंना दिसत नव्हतं.

"असं कसं चालेल बाळा?" त्या गोडीगुलाबीनं म्हणाल्या. "आमच्याकडं चार लोक येतात-जातात. आपण बायकांनी नीट राहायला नको? दोन तासांचं तर काम."

खुर्ची मागं सरकली. बबनराव उठून उभे होते.

"कोन म्हनतं दोन तासांचं काम?"

"अहो!" कौशल्याबाई पुटपुटल्या. पण बबनरावांच्या डोळ्यांसमोर तेरा पट्ट्या नाचत होत्या. त्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर चढवली आणि हात पाहुण्यांच्या नाकासमोर धरला. मग उजवी बाही वर केली आणि अस्वलासारखा दुसरा हात शेजारी धरला.

"बघा! ह्यो करून घेतलेला, आन ह्यो देवानं दिलेला. काल जीव जायचा राहिला माझा. पेंट शॉपमंदी एकवीस वर्सं काढली, पन असं कधी भाजलं न्हाई! तुमी माझ्या पोरीला हे दर म्हयन्याला करायला सांगताय? अंग तिचं, केस तिचा! त्यो ठेवायचा का काढायचा ते ती ठरवंल. दुसऱ्या कुनाच्या बापाला…" इथं ते अडखळले. क्षणभर विचार करून त्यांनी वाक्य पुरं केलं. "तिच्या बापाला बी त्यो हक्क न्हाई!"

टाळ्यांसाठी ते सवयीनं थांबले. टाळी एकच पडली, ती दीपमालाची.

आता पाहुणे उठणार, असं सगळ्यांना वाटलं. जयमालाबाई उठल्याही. पण त्या दाराकडं न जाता बबनरावांकडं गेल्या आणि त्यांच्या डाव्या हाताकडं चष्म्यावरून निरखून बघायला लागल्या.

"एक केस राहिला नाही हो! कुठं करता तुम्ही?"

एवढं भाषण करूनही बाईंच्या कानात शिरलं काय, तर पार्लर! दीपमालाला हसावं की रडावं कळेना. तिनं रिकाम्या बशा उचलल्या आणि आत जाऊन त्या दाणदाण घासल्या.

सोमवारी ट्रायलचा निकाल लागला. बॉनेटवर पुन्हा केस निघाला. दीपमालानं भिंग लावून पाहिलं. केस लांब होता, गडद काळा होता, पण मुळाशी तांदळाएवढा पांढरा होता. म्हणजे कलप लावलेला. ट्रायल नीट चाललीय ना हे बघायला दिवसभरात चार वेळा, टोपी न घालता, बूथमध्ये डोकं खुपसणारा आणि केसांना कलप लावणारा माणूस अख्ख्या शॉपमध्ये एकच होता. तिनं तक्त्यात लिहिलं : केस, एक. कलप लावलेला. साहेबांनी ते वाचलं, डोक्यावरून हात फिरवला आणि ऑर्डर 'तांत्रिक कारणास्तव' मागं घेतली. पेंटरांनी बबनरावांना खांद्यावर घेतलं. तेवढ्यात त्यांचा डावा हात कुणीतरी दाबला आणि ते कळवळले, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी ते विजयी वीराच्या थाटात घरी आले, तर मोबाइलवर जयमालाबाईंचा मेसेज येऊन पडला होता. दीपमालानं तो मोठ्यानं वाचला.

"मुलगी पसंत आहे. तिच्या हातांचं लग्नानंतर आम्ही बघून घेऊ. फक्त एक विनंती. मुलीच्या वडिलांनी साखरपुड्याआधी उजवा हातही करून घ्यावा. फोटोत दोन हात वेगवेगळे दिसतील, आमच्याकडची मंडळी नावं ठेवतील."

"माझा हात?" बबनराव कडाडले. "माझ्या हाताशी त्यांचं काय देनंघेनं? मी काय नवरी हाय? आन तिच्या हातांचं बघून घेनार म्हंजी काय बघनार? एक केस मिळनार न्हाई म्हनावं, ना माझा, ना पोरीचा!"

दीपमाला तोवर उत्तर लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं मोबाइल आईपुढं धरला. 'मुलगी तयार नाही. वडीलही तयार नाहीत.'

कौशल्याबाईंनी चष्मा लावला. ओठ हलवत त्यांनी ते दोनदा वाचलं. चांगलं फ्लॅटवालं स्थळ होतं. त्यांचा हात नकळत हनुवटीकडं गेला आणि तिथंच थोडा वेळ थांबला. मग त्यांनी मोबाइल आपल्याकडं ओढून घेतला, एका बोटानं एकेक अक्षर शोधत खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कुणाला न विचारता पाठवून दिली.

'आन आई तर मुळीच न्हाई.'