व्रात्याचे अनवाणी बूट

"तीन आठवडे! फक्त तीन आठवडे द्या मला! अपोलेनाच्या लग्नात असा नाचेन, की बँडवाले पाणी मागतील!"

व्रातिस्लावने हे रविवारच्या जेवणात, काट्याला टोचलेला डम्पलिंग हवेत फिरवत जाहीर केलं. व्रातिस्लाव म्हणजे चेक देशातल्या झ्लीन शहरातल्या शाळेतले भूगोलाचे मास्तर. वय चोपन्न, पाय सपाट. घरी त्याला व्रात्या म्हणत, आणि बायको लीदाच्या मते ते नाव अगदी विचार करून ठेवलेलं होतं. लेकीच्या लग्नात बापलेकीने वॉल्ट्झ नाचायची रीत असते. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात दीड गाण्यातच व्रात्याचे तळवे पेटले होते आणि उरलेला वेळ त्याने बिअरच्या पिंपाला टेकून काढला होता. ते सलत होतं. म्हणून त्याने अनवाणी बूट आणले होते.

बूट कसले! तळ इतका पातळ, की खाली नाणं असतं तर छापा की काटा तेही पायाला कळलं असतं. टाच नाही, गादी नाही, आणि बोटांपाशी बदकाच्या पायासारखे पसरलेले.

"अनवाणी चालायचं, तर बूट कशाला?" लीदाने विचारलं. "आणि बूट घालायचे, तर अनवाणी कसलं?"

"लीदा, पायाचे स्नायू झोपलेत. त्यांना जागं करायचंय."

"तू आधी कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ये. त्यानेही जागे होतील."

बुटांसोबत एक कागद होता. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, पुढे हळूहळू वाढवा, असं त्यावर ठळक लिहिलेलं. दहा मिनिटं! तीस वर्षं मुलांना डोंगरावर सहलीला नेणाऱ्या माणसाला! व्रात्याने कागद घडी करून खिशात टाकला आणि पहिल्याच दिवशी जंगलातून अडीच तास चालून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्यांचे दगड झाले होते. जिना उतरायला पाऊल पुढे टाकलं, की डोळ्यांसमोर काजवे! शेवटी त्याला एक युक्ती सुचली. कठडा धरून तो उलटा उतरू लागला. दुसऱ्या मजल्यावर हाव्रानोवाबाई दार उघडून उभ्या होत्या. त्या नेहमीच उभ्या असत.

"अहो मास्तर, तुम्ही वर चाललाय की खाली?"

"खाली! पाय मजबूत करतोय!"

"असं होय," बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या, ती नजर माणूस एरवी शवपेटीकडे बघताना वापरतो.

दोन आठवडे हेच चाललं. लीदाने गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, मलम चोळलं आणि रोज सांगितलं, "काढ ते बूट." तो रोज म्हणाला, "आता सोडलं तर सगळं फुकट!" उजव्या पावलात काहीतरी ठणकत होतं. ते त्याने कोणालाच सांगितलं नाही.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी कोलाच वाटायचे होते. हे छोटे गोल गोड पाव लग्नाआधी घरोघर पोचवावे लागतात. एक घर चुकलं, तर वीस वर्षं ऐकावं लागतं. लीदाने गाडीची किल्ली पुढे केली.

"गाडी? मी चालत जाणार!"

"व्रात्या, अकरा घरं आहेत. शेवटचं विहीणबाईंचं, टेकडीवर."

"म्हणून तर!"

आता या मोराविया भागात कोलाच घेऊन आलेल्या माणसाला कोरडं परत पाठवत नाहीत. प्रत्येक घरी प्लमच्या घरच्या दारूचा एक छोटा पेला! नको म्हटलं तर तोही अपमान. सातव्या घरापर्यंत व्रात्याला पावलाचा ठणका जाणवेनासा झाला. पण पाऊलही जाणवेनासं झालं. एक पाय ओढत, एका हाताने कुंपणं धरत तो टेकडी चढू लागला. नेमक्या त्याच वेळी हाव्रानोवाबाई बसमधून चालल्या होत्या.

विहीणबाईंच्या अंगणात नवी खडी पसरली होती. टोकदार, ताजी, खास लग्नासाठी! व्रात्याने पहिलं पाऊल टाकलं. "आई गं!" दुसरं टाकलं. "मेलो!" कोलाचचं खोकं डोक्यावर, गुडघे छातीपर्यंत, असा तो अंगणभर उड्या मारू लागला. खिडकीत विहीणबाई द्राहोमीरा उभ्या होत्या.

पुढच्या पाच मिनिटांत लीदाला दोन फोन आले. पहिला द्राहोमीराबाईंचा.

"लीदाबाई, स्पष्ट विचारते, राग मानू नका. तुमचे हे पितात का? सकाळचे साडेअकरा वाजलेत आणि ते माझ्या अंगणात नाचतायत. लग्न ठरवताना कोणी बोललं नाही आम्हाला!"

दुसरा हाव्रानोवाबाईंचा. "लीदा, धीर धर. मास्तरांना झटका आलाय. अर्धं अंग गेलंय! मी रुग्णवाहिका पाठवलीय."

लीदा घरातल्या सपातांवरच गाडी घेऊन निघाली. ती पोचली तेव्हा रुग्णवाहिका खडीवर उभी होती, नवऱ्यामुलाकडचे सगळे अंगणात जमले होते, आणि मधोमध व्रात्या पायरीवर बसून खसखशीचा कोलाच चघळत होता. पोटात काहीतरी जावं म्हणून.

"हसून दाखवा," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तोंडात अर्धा कोलाच! हसू एकाच बाजूने आलं. ओठाच्या कोपऱ्यातून काळी खसखस ओघळली. द्राहोमीराबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली.

"दोन्ही हात वर करा."

एका हातात खोकं होतं. एकच हात वर गेला.

"बघा!" कोणीतरी ओरडलं. "डावी बाजू गेली!"

"काही गेलेलं नाही!" व्रात्या गरजला. खसखस डॉक्टरीणबाईंच्या कोटावर उडाली. "मी ठणठणीत आहे! बूट नवे आहेत, बस! थांबा, दाखवतोच!"

"व्रात्या, बस खाली," लीदा म्हणाली.

"पोल्का नाचून दाखवतो!"

"व्रात्या!!"

एक, दोन, उडी! आणि खडीवर एक बारीकसा आवाज झाला. कोरडी काटकी मोडल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून पाऊल दाबलं, व्रात्याची किंकाळी नीट ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "चला, आता काहीतरी झालंय खरं."

पावलाचं लांब हाड. आधीपासूनच तडा गेलेला होता म्हणे, पोल्काने फक्त काम पुरं केलं. सहा आठवडे प्लास्टर. घराच्या दाराशी आल्यावर लीदा म्हणाली, "पोरीला तू सांग. मी नाही सांगणार."

त्याने सांगितलं. अपोलेनाने एकदा प्लास्टरकडे बघितलं, "बरं," म्हणाली आणि खोलीत गेली. ते "बरं" व्रात्याच्या काळजात आठवडाभर खुपत राहिलं. सगळ्या गावासमोर पोर एकटी उभी राहणार, आणि कोणामुळे?

लग्न लागलं. बँडने वॉल्ट्झ सुरू केला. व्रात्या मान खाली घालून कुबड्या चाचपत होता, एवढ्यात अपोलेना हॉलच्या कार्यालयातून चाकांची खुर्ची ढकलत आली.

"बस, बाबा."

तिने त्याला मधोमध नेलं आणि गोल फिरवू लागली. पाहुणे टाळ्या वाजवत होते, विहीणबाईसुद्धा डोळे टिपत होत्या. व्रात्याला हुंदका आवरेना.

"माफ कर गं. तुझा नाच घालवला मी. तीन आठवडे याच एका गाण्यासाठी मरत होतो."

अपोलेना खाली वाकली आणि कानात म्हणाली, "बाबा, मला वॉल्ट्झ येत नाही. अजिबात! भीतीने झोप उडाली होती माझी. मला हा नाच नकोच होता."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की. त्याच रविवारी, जेवताना. तू काटा हवेत फिरवून बँडवाल्यांबद्दल काहीतरी बोलत होतास."

व्रात्याने लीदाकडे बघितलं. लीदाने मान डोलावली.

"तूही ऐकलं होतंस?" तो ओरडला.

"सगळ्यांनी ऐकलं होतं," लीदा म्हणाली. "पाय वर घे, प्लास्टर चाकात जाईल."