सहा पीस

विजयाआजी प्रणिताच्या बाळंतपणासाठी कुवेतला आल्या आणि पंधरा दिवसांत त्यांच्या बॉड्या विरल्या. बॉडी म्हणजे आतून घालायची. सुती, शिंप्याकडून शिवून घेतलेली. फहाहीलच्या दुकानांत प्रणितानं इलॅस्टिकचे नाना प्रकार दाखवले. नातसुनेचं मन राखायला आजींनी ते मोज्यासारखे ताणून पाहिले आणि परत ठेवले. एकोणीसशे पंचवीस साली, तेराव्या वर्षी, गाठीची चोळी सोडून त्यांनी पहिली बॉडी घातली तेव्हा सासू तीन दिवस बोलली नव्हती. चौथ्या दिवशी तिनं स्वतःचं माप दिलं. एवढ्या लढाईनं मिळालेली वस्तू आजी त्र्याहत्तर वर्षांनी सोडणार नव्हत्या.

शेवटी नातू सलील खैतानमधल्या अशरफ शिंप्याकडे मापाची जुनी बॉडी आणि ऑफिसचा नंबर देऊन आला.

अशरफचा फोन आला तेव्हा सलील प्लँटवर होता. फोन उचलला साबीरनं. साबीर हैदराबादचा, कंपनीचा मंदूब. सगळ्यांचे कागद सरकारी कचेऱ्यांतून फिरवायचे हे त्याचं काम. त्याच्या बगलेत आजींच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज होता, आणि तो शेवटचा दिवस होता.

"सलील साब की दादी की बॉडी तैयार है," अशरफ म्हणाला. "छह पीस किया."

साबीर खाली बसला. मग कर्तव्य म्हणून कचेरीत गेला आणि मुदतवाढ आता नको म्हणाला. अधिकाऱ्यानं हळहळून अर्जावर 'मयत' लिहिलं. तिथूनच साबीरनं सलीलला फोन करून सांत्वन केलं आणि अर्जाचं काय केलं तेही सांगितलं.

सलीलनं घरचा नंबर फिरवला.

"आजी? तू... बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? शिंप्याचा फोन आला का रे?"

सलील हसला, मग त्यानं घड्याळ पाहिलं. कचेरी एकला बंद होणार होती. शिक्का नाही तर आजी उद्या विमानात, आणि प्रणिताला नववा लागलेला.

पाऊण वाजता आजी खिडकीसमोर उभ्या होत्या. अधिकाऱ्यानं अर्ज पाहिला, आजींना पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला आणि खुलासा मागितला.

"नीट सांग त्याला," आजी साबीरला म्हणाल्या. "पंचवीस सालापासून सांग."

साबीरनं लाल कानांनी अरबीत सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं 'मयत' खोडून 'हयात' लिहिलं आणि दोन महिन्यांचा शिक्का मारला. सलीलनं सकाळपासूनचा श्वास सोडला.

तेवढ्यात अधिकारी पुढे वाकून साबीरच्या कानात काही बोलला. त्याच्या आईलाही इलॅस्टिक काचत होतं. शिंप्याचा पत्ता मिळेल का? साबीरनं ते आजींच्या कानावर घातलं.

"दे की लिहून," आजी म्हणाल्या. "फक्त म्हणावं, फोन कोण उचलणार ते आधी ठरव."