भट्टीचा सेवापूर्ती सोहळा

सकाळचं दूध भट्टीवर चढलेलं असताना कुमारचा फोन आला आणि धुळाप्पांच्या हातातला बाभळीचा ओंडका हातातच राहिला.

“आबा, सरकारनं नियम बदलले. लाकडावरच्या खवा भट्ट्या बंद. धूर चालणार न्हाय. आन खवा करणाऱ्याला बी आता परवाना काढावा लागतोय. साहेबांपुढं खवा करून दाखवायचा, मग परवाना.”

“साहेबास्नी येतो व्हय खवा करायला?”

“ते म्या कसं सांगू? फाईल आलीया मोबाइलवर. तुमाला पाठवू का?”

“मला पाठवून काय करू? तूच वाच अन् गप बस,” असं म्हणून धुळाप्पांनी फोन ठेवला. त्यांचा मुलगा कुमार कळंबला एका पतसंस्थेत कारकून. त्यानं फाईल वाचली होती, पण पहिलं पान तेवढं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की हा नुसता मसुदा आहे, अजून काहीच ठरलेलं नाही, कुणाची हरकत असेल तर महिनाभरात कळवा. आता तुम्हीच सांगा, मोबाइलवर आलेल्या सरकारी फाईलचं दुसरं पान कोण उघडतं?

“काय म्हणतोय कुमार?” कढईतलं उलथनं न थांबवता सिताबाईंनी विचारलं.

“भट्टी गेली आपली,” धुळाप्पा म्हणाले आणि तिथंच लाकडाच्या ढिगावर बसले.

परंड्याकडच्या त्या गावात भट्ट्या बऱ्याच होत्या, पण धुळाप्पांच्या भट्टीची गोष्ट निराळी. एक काळ असा होता की दिवस उगवायच्या आत तिथं दुधाच्या किटल्यांची रांग लागायची. सोनारीच्या जत्रेला जाणारी माणसं वाट वाकडी करून यायची. कुर्डुवाडीच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि सिताबाई खव्याचा गोळा पानात बांधून खिडकीतून द्यायच्या. आणि भट्टीचा एक रिवाज होता. कढई उतरली की तळाची खरवड तिथं हजर असलेल्या प्रत्येकाला मिळायची. पळसाच्या पानावर, गरम गरम. बांधावरून डोकी फोडून घेतलेले भाऊभाऊसुद्धा त्या कढईभोवती मांडीला मांडी लावून बसलेले लोकांनी पाहिले आहेत. शाळेतल्या पोरांच्या गणवेशाला दुधाळ धुराचा वास यायचा आणि मास्तरांना न विचारता कळायचं, पोरगं उशिरा का आलं. कुठं गेले ते दिवस, देव जाणे!

सिताबाई तर नवी नवरी म्हणून या घरात आल्या, तेव्हा सासूनं त्यांच्या हातात पहिलं काय दिलं असेल, तर उलथनं. तेव्हापासून ते हातातच होतं.

संध्याकाळी शेजारचा बलभीम आला. त्याचीही भट्टी होती, पण जरा अलीकडची. बातमी ऐकून त्यानं कपाळाला हात लावला आणि लगेच खालीही घेतला. कारण बलभीमला कार्यक्रम करायचा भारी नाद!

“तात्या, बंद करायचीच हाय तर गपगुमान कशाला? मास्तर रिटायर झाले, सेवापूर्ती केली. कंडक्टर रिटायर झाला, सेवापूर्ती केली. ह्या भट्टीनं काय कमी सेवा केली का गावाची?”

“भट्टीची सेवापूर्ती?” सिताबाईंनी डोळे मोठे केले. “आवो, येड लागलं का तुमाला?”

“वैनी, मंडप माझा, फ्लेक्स माझा. तुमी फक्त खव्याच्या पोळ्या करा.”

“आन तुझी भट्टी?” धुळाप्पांनी विचारलं.

“माझीबी जाणारच की! पर पयला मान मोठ्यांचा.” बलभीमनं इतक्या नम्रपणे मान झुकवली की धुळाप्पांना पुढं काही विचारताच येईना.

झालं! चार दिवसांत मंडप उभा राहिला. फ्लेक्सवर मधोमध भट्टीचा फोटो, खाली ‘प्रदीर्घ सेवेनंतर भावपूर्ण निरोप’, आणि चारी बाजूंनी शुभेच्छुकांची गॉगल लावलेली तोंडं. लेकी-सुनांना, पाहुण्यांना सांगावे गेले. आता एवढ्या माणसांना खव्याच्या पोळ्या घालायच्या म्हणजे खवा लागणार, खवा लागणार म्हणजे भट्टी पेटणार. निरोपाच्या दिवशी ती जशी पेटली तशी जन्मात कधी पेटली नव्हती. बलभीमनं घातलेला झेंडूचा हार अर्ध्या तासात करपला. धूर तर असा चढला की परंड्याच्या किल्ल्यावरून दिसावा.

आणि दिसलाच. धुराची पाहणी करत फिरणाऱ्या हर्षाली मॅडमनी गाडी धुराच्या दिशेनं वळवायला लावली. मॅडम तरुण, नोकरीत नव्या, आणि गावोगावी शिव्या खाऊन कंटाळलेल्या. सरकारी जीप मंडपासमोर थांबली तशी पंगत जेवायची थांबली.

“ही भट्टी कोणाची?” मॅडमनी विचारलं.

धुळाप्पा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, “माझी हाय, बाई. आजचाच दिस. आज बंद करतोय.”

मॅडमनी फ्लेक्स वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे डोळे भरून आले. “आजोबा, तुम्ही स्वतःहून बंद करताय?”

धुळाप्पा ‘स्वतःहून कसली, तुमच्या कायद्यानं’ असं म्हणणार, तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला, “आपल्या सोहळ्याला प्रमुख पाहुण्या म्हणून मॅडम उपस्थित झालेल्या हायेत! टाळ्या!” बलभीमच तो. पुढचं सगळं टाळ्यांत बुडालं. भाषणं झाली. शेवटी सिताबाईंनी तांब्याभर दूध शिंपडून जाळ विझवला. चर्रर्र आवाज झाला तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत होत्या. धुळाप्पा मंडपामागं जाऊन सरळ हमसून रडले. लाजबिज काही वाटली नाही त्यांना.

आठ दिवसांनी भट्टी पुरती निवाल्यावर मॅडम पुन्हा आल्या. सोबत जांभळाचं रोप आणि दोन वार्ताहर. भट्टीच्या तोंडातच माती भरून वृक्षारोपण करायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

“आजोबा, तुमचं कौतुक कशासाठी, सांगू? अजून हा नुसता मसुदा आहे. कुणावर काही सक्ती नाही. तरी तुम्ही आधीच बंद केली!”

रोप हातात धरलेले धुळाप्पा तसेच उभे राहिले. “म्हंजी... बंद करायची न्हवती?”

“अजून तरी नाही. म्हणून तर तुम्ही आदर्श!”

नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘पर्यावरणप्रेमी’ या शब्दाखाली धुळाप्पांचं वासलेलं तोंड छापून आलं.

मसुदा म्हणजे काय, हे अशा रीतीनं गावाला कळलं. मग मात्र सगळे जागे झाले. हरकतींचा पाऊस पडला. सर्वांत कडक हरकत बलभीमची. काही महिन्यांनी पक्का नियम आला. चालू असलेल्या जुन्या भट्ट्यांनी उंच धुराडं बांधावं आणि खुशाल चालू राहावं. खवा करणाऱ्यानं साहेबांपुढं खवा करून दाखवावा आणि परवाना घ्यावा. एकदा बंद झालेली भट्टी तेवढी पुन्हा पेटवता येणार नाही.

गावात अशी भट्टी एकच होती.

धुळाप्पा रोज सकाळी ओट्यावर बसायचे. समोर जांभूळ. राखेची जमीन मिळाल्यामुळे ते मेलं असं फोफावलं होतं की बघवत नव्हतं. पण जितं झाड उपटायचं कसं? सवयीनं येणारे म्हातारे येऊन बसायचे, खरवडीच्या आठवणी काढायचे आणि पाणी पिऊन जायचे. रिकाम्या हातानं माणूस दारातून जातो, हे धुळाप्पांच्या जिवाला फार लागायचं. कुमार फोनवर म्हणायचा, “आबा, आता आराम करा.” धुळाप्पा म्हणायचे, “तू फाईल वाच.”

सिताबाई तेवढ्या सावरल्या होत्या. भल्या सकाळी देवाला म्हणून जायच्या, ऊन चढल्यावर यायच्या. अंगाला धुराचा वास यायचा. धुळाप्पांना वाटायचं, देवळातला धूप असंल.

मग परंड्याहून सत्काराचं बोलावणं आलं. पांढरं धोतर, कडक टोपी, शेजारी नव्या लुगड्यात सिताबाई. हॉलभर माणसं. हर्षाली मॅडमनी धुळाप्पांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि सांगितलं, “या आजोबांनी खवा करणं सोडलं. असा त्याग फार थोड्यांना जमतो.” टाळ्या वाजल्या. धुळाप्पा मान खाली घालून खुर्चीवर बसले.

“आता,” मॅडम म्हणाल्या, “नव्या नियमानुसार खवा करणाऱ्या कारागिरांना परवाने द्यायचेत. तपासणीत सर्वांत उत्तम हात ज्यांचा ठरला, त्यांना पहिला परवाना. सौ. सिताबाई धुळाप्पा. बलभीम यांची भट्टी.”

धुळाप्पांना वाटलं, ऐकण्यात गफलत झाली. पण शेजारची खुर्ची रिकामी होती. सिताबाई पदर सावरत स्टेजच्या मधोमध पोचल्या होत्या. मॅडम परवान्यावरचं नाव वाचून एकदा सिताबाईंकडं, एकदा धुळाप्पांकडं बघत राहिल्या. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पहिल्या रांगेत बलभीम खुर्चीखाली चप्पल शोधू लागला.

परतीच्या एसटीत दोघं शेजारीशेजारी बसली. नारळ धुळाप्पांच्या मांडीवर, परवाना सिताबाईंच्या.

“देवाला जात हुतीस न्हवं?” शेवटी धुळाप्पा म्हणाले.

“जात हुते की. देऊळ वाटंतच हाय.”

“मला सांगितलं आसतंस तर काय झालं आसतं?”

“कसं सांगू? पेपरात फोटू आला तुमचा. आपलं समदं दूध बलभीमकडं गेलं, त्याच्या बायकूला, महानंदाला, एकटीला उरकंना. म्हणली, वैनी, जरा हात लावता का? म्या नुसतं बघायला गेले ओ. उलथनं हातात आलं, मग सुटलंच न्हाय.” सिताबाईंनी परवान्याची घडी घातली. “राग आला का?”

धुळाप्पांनी मांडीवरचा नारळ फिरवला. मग हळूच म्हणाले, “खरवड?”

“देते की समद्यास्नी. त्या बोलीवरच गेले.”

“पळसाच्या पानावर?”

“मग काय ताटलीत?”

दोन थांबे गेले. धुळाप्पा सिताबाईंकडं वळले.

“त्याच्याकडं जाळावर कोण बसतं?”

“कोण न्हाय. बलभीमच लाकडं कोंबतो. जाळ सारखा मोठा करतो. खवा लागतो खाली.”

“लागणारच! त्याला जाळ कळतो व्हय? बाभळ आधी, मग तुराट्या.” धुळाप्पा सरसावून बसले, मग आवाज अगदी खाली आणला. “जाळावर बसायला परवाना लागतो का गं?”

“न्हाय. इचारलंय म्या.”

दुसऱ्या दिवशी गाव जागं व्हायच्या आत एक बाई बलभीमच्या भट्टीकडं निघाली. तिच्यामागं दोन पावलांवर, सत्काराची नवीकोरी शाल डोक्यावरून नाकापर्यंत ओढून, तालुक्याचे आदर्श पर्यावरणप्रेमी खाली मान घालून चालले होते, आणि त्यांच्या काखेत बाभळीचे दोन वाळलेले ओंडके होते.