शनिवारचं डीफ्रॅग

डोंबिवलीतल्या आमच्या मजल्यावर शनिवारी सकाळी नऊ ते बारा मिक्सर लावायचा नाही, असा नियम होता. त्या नियमाच्या मुळाशी माझं एक खोटं होतं, आणि ते मी सहा वर्षं लपवून ठेवलं.

नियम करणारे आमच्या शेजारचे ठोंबरेकाका. वय पंचाहत्तर, अविवाहित. हयात ठाण्याच्या एका कचेरीत नकाशे काढण्यात गेली. शनिवारी स्नान करून, इस्त्रीचा सदरा घालून ते संगणकासमोर बसत आणि डिस्क डीफ्रॅग करत. म्हणजे डिस्कच्या फिरत्या चकतीवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या फाइली सलग लावून घेत. पूर्वी पडद्यावर रंगीत चौकोन सरकताना दिसायचे. पुढे नुसतेच टक्के दिसू लागले, तेव्हा काकांनी आलेखाचा कागद आणला. एक टक्का झाला की एक चौकोन निळ्या पेन्सिलीने भरायचा. अशा वेळी भिंतीपलीकडे मिक्सर घरघरला की हाक येई, "वहिनी, चटणी बारानंतर! चकती हादरतेय!"

"तुमच्या काकांच्या चकतीपायी आम्ही डोसे कोरडे खायचे का?" माझी पत्नी मला विचारी. मी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसे.

कारण हे व्रत त्यांना मीच दिलं होतं. मी ठाण्याच्या एका महाविद्यालयात संगणक विभाग सांभाळतो. शनिवारी मला सुट्टी असते, हे काकांना पाठ. "जरा यंत्र बघता का? आज गप्पगप्प आहे," म्हणत ते दर शनिवारी भल्या सकाळी बेल वाजवीत. एकदा वैतागून मी म्हणालो, "काका, दर शनिवारी तीन तास डीफ्रॅग करत जा, आणि जागेवरून उठू नका. नाहीतर फाइली तुटतात."

यातलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कला डीफ्रॅगने थोडा वेग मिळतो, इतकंच. फाइल विखुरली म्हणून तुटत नाही. शिवाय तेवढं काम आजची यंत्रं आपली आपण उरकतात. पण बेल वाजायची थांबली, आणि मी गप्प राहिलो.

गेल्या वर्षी त्यांची डिस्क थकली. मी नवी बसवली. तिच्यात चकतीच नसते. तिला डीफ्रॅगची गरजही नसते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पुढच्या शनिवारी काका दारात उभे. "दोन मिनिटांत शंभर टक्के! हल्लीची यंत्रं वरवर काम करतात हो. मी तीन तास भरेपर्यंत नव्वद वेळा करून घेतलं."

मी हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात प्रिंटर जोडायला गेलो, तेव्हा पडद्यावर एकच फोल्डर दिसलं: 'आक्का'. आत शेकडो पानं. काका ठाण्यात खोली घेऊन शिकत असताना थोरल्या बहिणीने गावाहून, मोहन्याहून, धाडलेली पत्रं, एकेक स्कॅन केलेली.

"आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला," काका म्हणाले. "कागद वाळवीने खाल्ले. आता आहे ते एवढंच. यातली एखादी ओळ तुटली तर?"

"आक्का आता कुठे असतात?"

"आंबिवलीला, मुलाकडे. शनिवारी दुपारपर्यंत घरी ती एकटी असते, म्हणून पूर्वी शनिवारी सकाळीच जायचो. मनसोक्त गप्पा! आता रविवारी जातो. घरात सगळे असतात, मग ती नुसती पोहे पुढे करते. परवा फोनवर म्हणाली, 'यंत्राचं नुसतं निमित्त, रागावलायस का रे माझ्यावर?' काय सांगणार? शनिवारी उठायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

तिची पत्रं राखण्यासाठी काका तिच्यापासूनच दूर राहिले होते.

पुढच्या शनिवारी नऊच्या आधी त्यांची बेल मी वाजवली आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी कोऱ्या चौकोनांचा कागद दुमडला. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "मला सांगितलंत, ठीक. तिला कोण सांगणार? चपला घाला."

आंबिवलीला आक्कांनी दार उघडलं. "अगोबाई! आज शनिवार ना रे? तुझं ते यंत्र?"

 काका बाजूला सरकले आणि मला पुढे केलं. मी हात जोडले.

"आक्का, तुमचा भाऊ तुमच्यावर कधीच रागावला नव्हता. माझी सुट्टी मोडू नये म्हणून मी त्यांच्याशी खोटं बोललो. तुम्हा दोघांचे सहा वर्षांचे शनिवार माझ्यामुळे गेले. माझं चुकलं. मला क्षमा करा."